तार सोडू नका

काचेच्या अलीकडे माझी खुर्ची.
दार-एस-सलामचा उकाडा या खोलीत शिरत नाही.
यंत्राला गारवा लागतो,
म्हणून बावीस वर्षं मी इथे स्वेटर घालून बसते.

मुलांची नावं मला उशिरा कळतात,
आधी हात कळतात.
घाईचा हात. घामाचा हात.
सुई धरून डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहणारा हात.

डॉक्टर म्वाकालिंगा पहिला तास फ्रिजपाशी घेतात.
डब्यांत जिलेटिनचे ठोकळे, ठोकळ्यांत रबरी नळ्या,
झाकणावर लाल अक्षरं : खायचं नाही.
मग पहारेकऱ्याची गोष्ट येतेच.
त्याने खाल्लं होतं.
मीठ कमी आहे म्हणाला.

सुई. सुईतून तार.
सुई बाहेर. तारेवरून नळी.
एवढंच तर आहे, म्हणतात,
आणि पुढचं एक वाक्य महिनाभर सांगत राहतात :
काहीही सोडा, तार सोडू नका.
फोन वाजू दे, वीज जाऊ दे,
मी ओरडलो तरी.

त्यांच्या हातून एकदा सुटली होती.
कुणाच्या अंगात, कोणत्या साली, ते सांगत नाहीत.
मी तिथे होते.
मीही सांगत नाही.

तुमसिफू मोशीचा. मामाचं सायकलदुरुस्तीचं दुकान.
सहा आठवडे त्याची तार वळणावर अडायची
आणि तो रेटत राहायचा.
बोटांनी बघ, डॉक्टर म्हणायचे,
तो बोटांकडे बघायचा.
मग एका गुरुवारी वीज गेली, ठोकळे पाझरू लागले,
आणि अंधारात तो स्वतःशीच पुटपुटला,
अरे, ही तर ब्रेकची केबल!
अडली की मागे घ्यायची,
जरा पिळायची,
मग तिची तिला जाऊ द्यायची.
डॉक्टर काही बोलले नाहीत.
त्यांनी चष्मा काढून पुसला.
स्वच्छच होता तो.

आज पहिल्यांदा माणूस.
यकृतात गाठ, तिचं रक्त अडवायचं.
शिशाच्या एप्रनमध्ये मुलं बुटकी दिसतात,
खांदे खाली, माना पुढे.
पडद्यावर औषध सुटलं
आणि करड्यावर काळं, फांदीला फांदी फुटत
वर चढत गेलं.
झाड! झुहुरा म्हणाली.
दरवर्षी कुणीतरी म्हणतंच.
डॉक्टर मान न वळवता म्हणाले,
झाड नाही. केफा. वय चौसष्ट.
किगाम्बोनीच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडायचे.
जागे आहेत. त्यांना ऐकू येतं.

काही वेळ नुसती पंख्यांची घरघर.
मग चादरीखालून :
कसलं झाड आहे?

पुस्तकात याचं उत्तर नाही.
झुहुरा पडदा सोडून निघाली,
टेबलाला वळसा घालून डोक्यापाशी गेली,
एप्रन सावरत वाकली,
आणि सकाळपासून पहिल्यांदा
त्या माणसाचं तोंड तिने पाहिलं.
काय बोलली, मला कळलं नाही, माइक बंद होता.
केफा हसले. पडद्यावरचं सगळं हललं.
हसू नका, श्वास धरा! डॉक्टर ओरडले,
आणि मी आधी तुमसिफूच्या हाताकडे पाहिलं.

हलला नव्हता.
पुढे वळण होतं, तार अडली.
त्याने मागे घेतली.
जरा पिळली.
वाट पाहिली.

एकोणीस मिनिटं चार सेकंद किरण, मी वहीत लिहिलं.
नळी निघाल्यावर झुहुरा जांघेवर हात दाबून
घड्याळाकडे बघत उभी.
तिचं आणि केफांचं अजून झाडावरच चाललेलं :
काजू म्हणे, की फणस.

बाहेर व्हरांड्यात चहा आला.
हातमोजे केव्हाच कचऱ्यात गेले होते.
तुमसिफूचा अंगठा आणि तर्जनी
अजून एकमेकांना चिकटलेली, मध्ये काहीच नाही.
कप त्याने
उरलेल्या तीन बोटांनी धरला.